ट्रेनिंग न करता ५० किमी मारणाऱ्यांना ‘वाघ’ म्हणणं बंद करा

फुटाळाकर: सकाळी ग्रुपवर एकाची पोस्ट, "आठवड्यातून दोनदा पाच किमी पळत होतो, तरी ५० किमीचं अल्ट्रा (मॅरेथॉनहून लांब रेस) मारलं, पाय नाही डोकं पळतं". खाली सगळे ‘वाघ रे भाऊ’. काहून चढवून राहिले पोरांना? डोकं पळत असंल, पण स्नायू फुटतात ते पायातलेच ना. त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रोटीन रक्तात उतरलं की किडनी बसते, अन् हे वरून पेनकिलर खाऊन पळणार. एका रेसला मी पाणी वाटायला होतो, एक पोरगा खुर्चीतून उठेना, म्हणे लघवी कोऱ्या चहासारखी झाली, अन् दोस्त त्याला म्हणते चल बे, दहाच राहिले.

वर्धारोड_एक्सप्रेस: झालं, भीती दाखवणं सुरू. साउथ आफ्रिकेत कॉम्रेड्स नावाची रेस ९० किमीच्या आसपास असते, १२ तास देतात, साठीतले लोक पण करतात. मी पण लाँग रन न करता ५० केलं, चालत-पळत. काय झालं? दोन दिवस जिना उलटा उतरलो, बस.

तर्रीनंतर_बोलू: कॉम्रेड्सला आधी ठरलेल्या वेळेत मॅरेथॉन करून क्वालिफाय व्हा लागते, ते नाही सांगितलं साहेबांनी.

सेमिनरी_हिल्सवाला: ट्रेनिंग करायचं कुठं ते पण सांगा ना. सगळं नागपूर सिमेंटचं करून टाकलं, माझे गुडघे त्यातच गेले.

तर्रीनंतर_बोलू: गुडघे सिमेंटनं नाही, घासलेल्या बुटानं गेले. रस्ता कडक असला तर पाय आपोआप थोडा नरम पडतो, शरीर जुळवून घेते.

सेमिनरी_हिल्सवाला: तुम्ही या माझे गुडघे घेऊन पळायला! अन् रस्ता उंच केला, घर राहिलं खाली, पावसाळ्यात आमच्या हॉलमध्ये पाणी. शरीर जुळवून घेते म्हणे, सोफा नाही घेत ना.

धरमपेठची_ताई: आमच्याकडे पण तेच! कंत्राटदाराला विचारलं तर म्हणे उंबरा वाढवा.

फुटाळाकर: अहो, विषय काय, चाललंय काय? पाण्याचंच बोलायचं तर हे बोला, चार-पाच तास नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पडते, माणूस बरळतो, अन् लोक त्याला आणखी पाणी पाजतात.

वर्धारोड_एक्सप्रेस: बरं बाप्पा, तुम्ही म्हणाल तसं. पुढच्या वेळी आधी चार महिने पळतो, पेनकिलर घरी ठेवतो, अन् रस्ता गुडघेवाल्या काकांना विचारून निवडतो. खुश?

सेमिनरी_हिल्सवाला: काका कोणाले म्हणतं बे?