अंधारात चढून पाहिलेला सूर्योदय : उजाडेपर्यंतचा वेळ कसा काढलात?

रात्रीच्या ट्रेकबद्दल बोलताना सगळे चढाई सांगतात, सूर्योदय सांगतात. माथ्यावर पोहोचल्यापासून उजाडेपर्यंतचा वेळ मात्र कोणी सांगत नाही. मला तोच ऐकायचाय. सुरुवात मी करते.

डिसेंबरातलं कळसूबाई. १६४६ मीटर, राज्यातला सर्वांत उंच माथा, म्हणजे सहा तास तरी लागतील असं धरून बारी गावातून रात्री बारालाच निघालो. शिड्यांच्या गार लोखंडाने बोटं बधिर होत होती आणि पाठीवरून घाम निथळत होता. साडेतीनला देवळाशी! सूर्य उगवणार सातला. देऊळ एवढंसं, वारा चारी बाजूंनी. ओला टी-शर्ट अंगावर तसाच. अर्ध्या तासात मैत्रीण थडथडायला लागली, मग तिचे शब्द अडखळायला लागले, तेव्हा मात्र मी हादरले. देवळाच्या आडोशाला नेऊन तिचे कपडे बदलले, आमच्या दोघींच्या मध्ये घट्ट बसवलं, गुळाची पोळी थोडी थोडी भरवली. पाचच्या सुमारास ती नीट बोलली.

सूर्य आला तेव्हा आधी अलंग-मदन-कुलंगचे माथे पेटले. खाली भंडारदऱ्याचं पाणी कितीतरी वेळ काळंच होतं. तिचा हात हातात धरून ते पाहिलं. आता मी बारीतून अडीचच्या आधी निघत नाही, आणि कोरडा बनियन पिशवीत सगळ्यात वर ठेवते.

*

आम्ही अकोले तालुक्यातले. आमच्याकडे कळसूबाई चढण्याला ट्रेक म्हणत नाहीत, बाईचं दर्शन म्हणतात. लहानपणी नवरात्रात आईबरोबर रात्रीच चढायचो. शिडीखाली रांग लागलेली, म्हाताऱ्या बाया नऊवारीचा काष्टा मारून आमच्या पुढे. वर थंडी असायची, पण माणसाला माणूस लागून बसलेलं, गाणी चाललेली. उजाडायची वाट पाहिल्याचं मला आठवतच नाही. एवढी माणसं बरोबर असली की रात्र सरते.

*

टोकियोत असताना जुलैत फुजी केला, ३७७६ मीटर. बस पाचव्या टप्प्यापर्यंत, साधारण २३०० मीटरवर सोडते. वाटेवरच्या मुक्कामाच्या झोपडीत न थांबता रात्रभर चढलो, ही चूक. आठव्या टप्प्यानंतर डोकं ठणकायला लागलं, दहा पावलं टाकली की थांबायचं. वर तीनला पोहोचलो. साडेचारच्या सुमारास ढगांच्या वर सूर्य आला. या सूर्योदयाला जपानी लोक ‘गोराइको’ म्हणतात. आसपासचे कितीतरी जण हात जोडून उभे होते. मीही जोडले. पण डोकेदुखीने धड पाहता आलं नाही, याची हळहळ अजून आहे. आता फुजीच्या योशिदा वाटेवर झोपडीचं आरक्षण नसलेल्यांना रात्री सोडतच नाहीत, ते योग्यच झालं. झोपडीत चार तास पडून मग चढा.

*

राजगड. मुक्काम पद्मावती माचीवर, पहाटे साडेपाचला सुवेळा माचीकडे. बरोबर बाबा होते, वय ६८. नेढ्याच्या, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकाच्या, अलीकडे बसलो आणि धुकं चढलं. सूर्य दिसलाच नाही, नुसता पांढरा उजेड वाढत गेला. बाबांनी थर्मासमधला चहा ओतला आणि १९७४ साली मित्रांबरोबर याच माचीवर आले होते ते सांगत बसले. मला हे माहीतच नव्हतं. आठला धुकं फाटलं तेव्हा ऊन केव्हाच वर आलं होतं.