सतत मळमळ, पाळी लांबलेली: आधी कोणती तपासणी?

प्रश्न (इंदूर): धाकट्या बहिणीला, वय 22, तीन आठवडे सकाळी मळमळतं. पोह्यांच्या फोडणीचा वास आला तरी उमळून येतं. पाळी पंधरा दिवस लांबलीय. हार्मोन्सचं असेल का?

उत्तर 1: लग्न झालेलं असो-नसो, आधी गर्भचाचणी करा. सकाळची पहिली लघवी घ्या. पट्टी पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच वाचा. उशिरा उमटलेली फिकट रेघ धरू नका. निगेटिव्ह आली तर आठवड्याने पुन्हा.

उत्तर 2: नुसत्या पीसीओएसने (पाळी लांबवणारा हार्मोन्सचा बिघाड) सहसा मळमळत नाही, त्यावर देतात त्या मेटफॉर्मिनच्या गोळीने मात्र बऱ्याचदा मळमळतं. ती जेवणाबरोबरच घ्यायची, 500 मिलिग्रॅमपासून डॉक्टर हळूहळू वाढवतात. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन, वाढलं तर पाळी लांबते), उपाशीपोटी साखर बघा. प्रोलॅक्टिनचं रक्त उठल्यावर दोन-तीन तासांनी, थोडं शांत बसून द्यायचं. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) चालू असेल तर निदान दोन दिवस आधी बंद, नाहीतर थायरॉइडचे आकडे चुकतात.

उत्तर 3: वजन घटतंय? उठताना चक्कर, हिरड्या किंवा तळहाताच्या रेषा काळपट, सारखं खारट खावंसं वाटतं? मग मूत्रपिंडावरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी कमी काम करत असेल; सकाळी 8 च्या सुमारास तिचं हार्मोन कॉर्टिसॉल तपासायला डॉक्टरांना सांगाच, हे निदान फार सुटून जातं. पाणीही पोटात ठरत नसेल तर रिपोर्टची वाट न बघता एमवायला (इंदूरचं सरकारी रुग्णालय) तातडीच्या विभागात न्या.