समुद्रशेवाळ, उंदरांचे केस आणि आपले

मांडवीच्या खडकांवरचं शेवाळ वाटून डोक्याला लावलं तर गळती थांबेल का, या चर्चेत माझी थोडी भर. ज्या अभ्यासाचा दाखला सारखा दिला जातो तो २०१२चा, कोरियातला, 'एक्लोनिया कावा' या तपकिरी शेवाळाचा. प्रयोग उंदीर आणि प्रयोगशाळेतल्या पेशींवर झाला. उंदरांना केस लवकर आले, हे खरं. पण ते शेवाळ कोरिया-जपानकडचं. आपल्याकडे ओहोटीला दिसतं ते बरंचसं सरगॅसम, चिमटीत धरलं की पटकन फुटणाऱ्या बारीक फुग्यांचं. दोन्ही तपकिरी म्हणून गुणही तेच, असं कसं? बांगडाही मासा आणि मुशीही मासाच की!

पोटात घेणाऱ्यांनी मात्र जपा. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं; मीठ-मासळीतून ते मिळतंच. केल्पच्या (मोठ्या तपकिरी समुद्रशेवाळाच्या) एका ग्रॅममध्ये त्याच्या कितीतरी पट असू शकतं, आणि जास्तीच्या आयोडीनने थायरॉइड बिघडला तर केस उलट गळतात. आमच्या आत्तेच्या केल्पच्या गोळ्या डॉक्टरांनी टीएसएचचा, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट बघताच बंद केल्या.

तरीही लावायचंच असेल तर आधी गोड्या पाण्यात खळखळून धुवा. त्यात अडकलेली वाळू टाळू चांगलीच ओरबाडते.