कलाकेंद्रांमुळे आदिवासींच्या गोष्टी टिकतात, की फक्त विकल्या जातात?

उंटावरचा:
आदिवासींची कला केंद्रात गेली की उरतं ते दुकान, असं मत इथे नेहमी ऐकू येतं. मला ते पटत नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला यिरकला नावाचं गाव आहे. तिथे योल्ङू आदिवासींचं स्वतःचं कलाकेंद्र आहे, बुकु-लार्ङ्गाय मुल्का. १९९६ मध्ये त्यांच्या एका पवित्र जागी चोरून मासेमारी करणाऱ्यांचा तळ सापडला. तिथे गोणपाटात मगरीचं तोडलेलं मुंडकं होतं, आणि मगर म्हणजे त्या कुळाची पूर्वज! त्यावर ४७ चित्रकारांनी झाडाच्या सालीवर ८० चित्रं काढली. कोणतं पाणी कुठून येतं, कुठे मिसळतं, कोणत्या कुळाचं, सगळा समुद्राचा सातबाराच. पुढे २००८ मध्ये ब्लू मड बे खटल्यात तिथल्या सर्वोच्च कोर्टाने भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या पाण्यावरचा त्यांचा हक्क मान्य केला.

आणि तिथे कुणीही काहीही रंगवत नाही. ज्या कुळाची नक्षी, त्या कुळाचाच हक्क. कुंचला माणसाच्या केसांचा, मोजक्या लांब केसांचा, एकेक बारीक रेघ ओढायची. शेजारी बसलेल्या नातवाला गोष्ट ऐकावीच लागते.

अर्धाकप:
नातवाचं ठीक आहे, पण श्रेय केंद्राला का? याच यिरकलाच्या लोकांनी बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध संसदेला अर्ज केला तो १९६३ मध्ये, टाइप केलेला कागद चित्र काढलेल्या सालीवर चिकटवून. तेव्हा कुठे होतं केंद्र?

आता ऑस्ट्रेलियातल्याच वाळवंटातल्या पापुन्या गावाकडे या. १९७१ मध्ये जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या उत्तेजनाने तिथल्या वडीलधाऱ्यांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची कथा रंगवली. मग फळ्यांवर चित्रं सुरू झाली, विक्रीही. त्यात बाहेरच्यांनी पाहूच नयेत अशा विधींच्या खुणा आल्या. इतर गावचे लोक भडकले. नंतर त्या खुणा गाळल्या तरी, नाहीतर ठिपक्यांखाली दडवल्या. आपण आज ज्या ठिपक्यांना वाहवा म्हणतो ना, ते बऱ्याच अंशी झाकण आहे! शिवाय तिथल्याच क्लिफर्ड पॉसम या चित्रकाराचं एक मोठं चित्र १९७७ मध्ये १२०० डॉलरला गेलं, २००७ मध्ये २४ लाखांना. चित्रकार २००२ मध्येच वारला होता.

उंटावरचा:
तो नफा लिलावबाजारातला, केंद्राच्या गल्ल्यातला नव्हे. पुनर्विक्रीवर ५ टक्के चित्रकाराला किंवा वारसांना देण्याचा कायदा २०१० पासून लागू आहे. उशीर झाला, कबूल.

झाकण म्हणता, पण ते घातलं कोणी? त्यांनीच. काय दाखवायचं, काय नाही, हे गावाने ठरवलं. पापुन्या तुला ही कंपनी १९७२ पासून चित्रकारांच्याच मालकीची आहे. २००० साली तिच्या चित्रकारांनी सिडनीतल्या लिलावासाठी चित्रं दिली, दहा लाख डॉलरच्या वर जमले, त्यातून किंटोर गावात डायलिसिसची सोय उभी राहिली. त्याआधी रोग्याला शेकडो किलोमीटरवर अ‍ॅलिस स्प्रिंग्जला जाऊन राहावं लागे. म्हातारी माणसं गावाबाहेर मरू लागली तर गोष्ट सांगणार कोण? माझ्या लेखी कलाकेंद्राचं खरं काम हे, चित्र नंतर.

पानवेल:
डहाणूकडची आहे, म्हणून बोलते. आमच्याकडे वारल्यांत लग्नाचा चौक सुवासिनी काढतात, सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. मधे पालघट देवी. लग्न लावते ती धवलेरी, आमची पुरोहितबाई, गाणी म्हणून. जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात हे चित्र कागदावर नेलं, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, मोठाच माणूस. पण बाजाराने काय उचललं? तारपा या वाद्यावरच्या नाचाचा गोल. तोच कपांवर, कुर्त्यांवर. चौक आणि धवलेरीचं गाणं मागे राहिलं. २०१४ ला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी छापलेला कुर्ता अडतो कुठे?

उंटावरचा:
ताई, मग यिरकलासारखं केंद्र तुमच्याकडे हवंच की! तिथे चित्रासोबत गाणी आणि विधींचं चित्रणही जपतात.

अर्धाकप:
हवं असेल, पण चालवणार कोण? आपल्याकडे 'केंद्र' म्हटलं की आधी इमारत, मग उद्घाटन, मग कुलूप.

पानवेल:
कुलूप लागलं तरी किल्ली पाड्यावर राहू दे. आणि पहिलं मानधन धवलेरीला. चित्रकाराला विचारणारे पुष्कळ आहेत.