पेट्रोल पिकअप, सात हजार पौंडांचा ट्रेलर आणि रॉकीज

डेन्व्हरकर: काल इथे कोणीतरी लिहिलं, "७ हजार पौंडांचा ट्रेलर पेट्रोल पिकअपला लावून डोंगरात जाणं म्हणजे जिवाशी खेळ. डिझेल घ्या, नाहीतर घरी बसा." का म्हणून? आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११ हजार फुटांच्या वर आहे. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे तिथे पोचेपर्यंत तिसरा हिस्सा गेला. मान्य. मग उजव्या लेनने ४० मैलांच्या वेगाने चढायचं. इंजिन साडेचार हजार आरपीएमवर ओरडतं, ओरडू दे. उन्हाळ्यातल्या मोजक्या कॅम्पिंग ट्रिपांसाठी डिझेलला हजारो डॉलर जास्त मोजायचे, वर डीईएफ (डिझेलचा धूर साफ करणारं द्रव) भरा, हिवाळ्यात डिझेल गोठायची धास्ती घ्या!

घाटमाथा: चढाचं पुरे. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्न गावाकडे उतरताना ७ टक्के उतार आहे, रनअवे रँप (ब्रेक गेलेल्या गाड्या थांबवायच्या बाजूच्या वाटा) उगाच बांधलेले नाहीत. आमच्या जुन्या पेट्रोल ट्रकच्या ब्रेकचा जळका वास तिथे केबिनमध्ये आला. मुलं मागे बसलेली. आता डिझेल आहे, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) गाडी धरून ठेवतो.

डेन्व्हरकर: पाय ब्रेकवर ठेवून उतरलात तर वास येणारच. टो-हॉल (ट्रेलर ओढतानाचा गिअर मोड) लावून बोगद्यातच खालचा गिअर घ्यायचा. वेग वाढला की ब्रेक एकदा ठामपणे दाबायचा, वेग उतरला की सोडायचा.

घाटमाथा: मला गाडी शिकवू नका.

सुमेधा_बोल्डर: दाराच्या चौकटीवरचा पिवळा स्टिकर कोणी वाचलाय का? ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रेलर जोडायच्या आकड्यावर) येतो, म्हणजे ७०० ते १०५० पौंड. त्यात चार माणसं आणि सामान. हाफ-टन (हलक्या वर्गातल्या) ट्रकचा पेलोड, म्हणजे त्यावर लादता येणारं वजन, तिथेच संपतो, इंजिन कुठलंही असो. आणि लोक घरून ट्रेलरमधली पाण्याची टाकी भरून निघतात! ४० गॅलन म्हणजे ३३० पौंड.

नाना_ऑरोरा: आम्ही भरूनच निघतो. नॅशनल फॉरेस्टमधल्या कित्येक जागी नळच नसतो. भांडी कशाने घासायची?

सुमेधा_बोल्डर: नाना, घाट उतरल्यावर पलीकडच्या गावात भरा ना. आरव्ही पार्कात (कॅम्पिंग गाड्यांच्या तळावर) पिण्याच्या पाण्याचा नळ असतो.

नाना_ऑरोरा: शुक्रवारी रात्री नऊला कोण उघडं असतं? आणि तसल्या नळाच्या पाण्याने आमच्या आईचं पोट दोन दिवस बिघडलं होतं.

सुमेधा_बोल्डर: मग पिण्यापुरतं कॅनमध्ये न्या. टाकी मागच्या टोकाला असेल तर हिचवरचा भार कमी होऊन ट्रेलर झुलायला लागतो.

नाना_ऑरोरा: आमची टाकी ॲक्सलच्या पुढे आहे. आणि अर्धी भरली तर वळणावर डचमळते, ते?

घाटमाथा: पाण्याचा वेगळा धागा काढा!

सुमेधा_बोल्डर: तुम्हालाही लागू आहे. डिझेल इंजिन जड, म्हणून त्याच ट्रकचा पेलोड कमी भरतो.

घाटमाथा: भरतो, स्टिकर पाहिलाय मी. पण उतारावर मला एक्झॉस्ट ब्रेकच हवा. डेन्व्हरकर, ७ हजारांपर्यंत तुमचं चालत असेल. १० हजारांचा ओढून दाखवा.

डेन्व्हरकर: १० हजारांचा असता तर मीही डिझेलच बघितला असता. पण "घरी बसा" हे ७ हजारांसाठी लिहिलं होतं.