मदत हवी आहे: झ्युरिकच्या सेमिस्टरनंतर आखेनला कोणत्या परवान्यावर जायचं?

टीयू डेल्फ्ट (नेदरलँड्स), ईटीएच झ्युरिक (स्वित्झर्लंड) आणि आरडब्ल्यूटीएच आखेन (जर्मनी) या विद्यापीठांच्या अप्लाइड जिओफिजिक्सच्या जॉइंट मास्टर्सबद्दल (१२० ईसीटीएस, म्हणजे युरोपियन क्रेडिट्स) विचारतोय. पहिलं सेमिस्टर डेल्फ्टला, दुसरं झ्युरिकला, तिसरं आखेनला, चौथ्यात थीसिस. पासपोर्ट भारतीय, एकटाच जाणार.

डच रेसिडेन्स परमिटवर बाकीच्या शेंगेन देशांत १८० पैकी ९० दिवसच राहता येतं, म्हणून झ्युरिकसाठी स्विस डी व्हिसा (दीर्घ मुक्कामाचा) लागणार हे कळलंय. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये असलं तरी युरोपियन युनियनमध्ये नाही, आणि गुंता तिथेच होतो. युनियनच्या २०१६/८०१ निर्देशानुसार एका सदस्य देशाचं विद्यार्थी परमिट असेल तर जर्मनीत ३६० दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा न काढता शिकता येतं (जर्मन निवास कायद्याचं कलम १६सी), फक्त यजमान विद्यापीठाने आधी जर्मन कार्यालयाला कळवावं लागतं. पण तोपर्यंत डच परमिट चालू असायला हवं. नेदरलँड्सबाहेर १२ महिन्यांत ८ महिने किंवा जास्त राहायचं असेल तर पालिकेतली नोंद रद्द करावी लागते. झ्युरिक आणि आखेन सलग धरले की ही मर्यादा ओलांडली जाते.

तिन्ही देशांचे नियम सुटेसुटे वाचलेत, सांधा कुठेच सापडत नाही. डेल्फ्टलाच थीसिस करायचा पर्याय खुला ठेवायचाय. जर्मन व्हिसाच काढायचा तर ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) महिना ९९२ युरो अडकतात, तेही टाळायचंय.

अलीकडे हा क्रम पूर्ण केलेल्यांनी सांगावं: पालिकेतली नोंद रद्द केल्यावर डच परमिट टिकलं का, आणि झ्युरिकहून आखेनला १६सीवर गेलात की जर्मन व्हिसा काढून? व्हिसा असेल तर अर्ज झ्युरिकमधूनच करता आला का?