मदत हवी आहे: एसेन आणि डुइसबुर्ग एका दिवसात होईल का?

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आई-बाबांना घेऊन भावाकडे जर्मनीत ड्युसेलडॉर्फला जातोय. बाबांची सगळी नोकरी फाउंड्रीत झाली, त्यामुळे त्यांना किल्ले-चर्च नकोत, थिसेनक्रुपचं (थिसेन आणि क्रुप या दोन कंपन्या मिळून झालेली जर्मन पोलाद कंपनी) माहेर बघायचंय. क्रुपची तीन कड्यांची खूण म्हणजे रेल्वेच्या चाकाच्या बिनजोड पोलादी धावा, हे घरात आता पाठ झालंय!

एसेनचा व्हिला ह्यूगेल, म्हणजे क्रुप घराण्याचा २६९ खोल्यांचा वाडा, नक्की केलाय. खरी ओढ डुइसबुर्गच्या लांडशाफ्टस्पार्कची. थिसेनचा हा लोखंडाचा कारखाना १९८५ साली बंद पडला, आता तिथे बाग आहे आणि पाच नंबरच्या झोतभट्टीवर चढता येतं. बाबा चढणारच, ऐकणार नाहीत. आईचे गुडघे दुखतात.

तिकडे राहणाऱ्यांनी सांगा: भट्टीचा जिना कितपत उभा आहे? आईला खाली सावलीत बसून चहा-कॉफी मिळेल का? एसेनहून ट्रेनने जावं की भावाची गाडी बरी?

आणि मुख्य म्हणजे, थिसेनक्रुपच्या डुइसबुर्गमधल्या चालू भट्ट्या बाहेरच्यांना दाखवतात का? आधी नाव नोंदवावं लागतं का? जर्मन आम्हा कुणालाच धड येत नाही, भावालासुद्धा कामापुरतंच.